तेलाचा रिपोर्ट

लॅबमधून फोन आला, तेव्हा वैजनाथ गाडीपाशीच उभा होता. त्याचा खडीचा ट्रक हल्ली काळा धूर ओकत होता. कुठलं तेल घातलं तर इंजिन वाचेल, हे कळावं म्हणून त्याने वापरलेलं तेल तपासायला दिलं होतं.

“तेल चांगलंय, तेच ठेवा,” लॅबमधल्या बाई म्हणाल्या. “पण त्यात दगडाची पूड आहे. इंजिन आतून झिजत आलंय. एअर फिल्टर कसा साफ करता?”

“रोज टायरवर आपटतो. एक दिवस चुकवत नाही.”

“त्याने फिल्टरचा कागद फाटतो. धूळ सरळ आत जाते.”

बायकोने जवळ येऊन विचारलं, “काय झालंय गाडीला?”

टायरवर आपटल्याच्या पांढुरक्या खुणा होत्या. वैजनाथ त्यांच्याकडे बघत राहिला.

“मी तिची फार काळजी घेतली,” तो म्हणाला.