मुंबईचं कॉलेज

शिफाला मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. तरी तिनं रत्नागिरीतलंच कॉलेज घ्यायचं ठरवलं, आणि मस्कतची नोकरी सोडून नुकतेच कायमचे घरी आलेले अब्बा बेचैन झाले.

"खर्चाचा विचार करतेस का? अगं, तुला शिकवायचं म्हणूनच तर इतकी वर्षं तिकडे काढली."

"म्हणूनच तर मुंबईला नाही म्हणायची ऐपत आली मला, अब्बा. तुमचे उपकार विसरले नाही मी."

"मग जा की! व्हिडिओ कॉल करू रोज."

शिफा त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आजवर तेच केलं ना आपण? तुम्ही सुट्टीला यायचात, तेव्हा मी कधी हट्टसुद्धा केला नाही. मोजके दिवस, ते रुसण्यात कोण घालवणार? आता तुम्ही घरी आहात. मला रोज कॉलेजातून येऊन तुमच्याशी थोडं भांडायचंय."

अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अल्लाचा शुक्र आहे," ते म्हणाले. "मला वाटत होतं, मी यायला उशीर केला."