दुसरी वाटी

“नाव घेतल्याशिवाय वाण मिळायचं नाही, वहिनी.” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी मृणालिनीबाईंना घेरलं.

उखाणे त्यांना तोंडपाठ होते. आईला आणि मावशीला म्हातारपणी पोटची मुलंही ओळखू येईनाशी झाली होती. ते रक्तातून आपल्याकडे येऊ नये म्हणून मृणालिनीबाई चाळिशीपासून रोज पहाटे फिरायच्या, शब्दकोडी सोडवायच्या, भिजवलेले अक्रोड खायच्या. लेक नीरजा थट्टा करायची, “आई, तू आम्हा सगळ्यांना पुरून उरशील.”

त्यांनी ठसक्यात सुरुवात केली, “हलव्याच्या दागिन्यांना काटेरी नक्षी...” पुढे नवऱ्याचं नाव यायला हवं होतं. नवऱ्याचा चष्मा डोळ्यांपुढे आला, घोरणंही आठवलं. नाव मात्र येईना.

“अगंबाई, या वयात लाजतायत,” बायका खिदळल्या. नीरजा तेवढी हसली नाही.

मायलेकी घरी आल्या. मृणालिनीबाई साडी बदलून स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा त्यांच्या रोजच्या वाटीत अक्रोड आधीच भिजत घातलेले होते. शेजारी अक्रोडांची दुसरी वाटी होती. नीरजा तिच्यात पाणी ओतत होती.