तेरावी तुळई

"फळ्या उचला! सगळ्या उचला!" रुचा ओरडली, आणि महिपती सुताराचा हातोडा हवेतच थांबला.

समुद्राकाठचं हे लाकडी घर म्हणजे इंजिनियर रुचाचं पहिलं स्वतंत्र काम. कतारात शमाल वारा सुटला की घराला आडवा भिडतो. त्याला छातीवर घ्यायला ऐन मधोमध एक भक्कम भिंत उभी केली होती. तासाभरात कन्सल्टंट येणार आणि साखळी लावून ती ओढून बघणार. आणि नेमकं आत्ता रुचाच्या लक्षात आलं होतं की ड्रॉइंगमध्ये जमिनीच्या फळ्यांखाली बारा तुळया आहेत. भिंतीच्या अलीकडे सहा, पलीकडे सहा. भिंतीखाली नुसती पोकळी! पहिल्या हिसक्याला ती फळ्यांसकट उखडणार.

"फळ्या उचलल्या तर आजची टेस्ट गेली, काका. खलास!" ती रडवेली झाली.

महिपतीने हातोडा खाली ठेवला. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, ड्रॉइंगबाहेर कुणी एक खिळा जरी ठोकला तरी परतीचं तिकीट. पण पोरीचं तोंड बघवेना.

"मॅडम, फळ्या ऱ्हाऊ द्या. बोल्ट सरळ खाली मारा. लाकूड लागंल."

"कुठून लागेल? बाराच आहेत!"

"तेरा हायेत." त्याने मान खाली घातली. "एक म्या घातली मधी, उरलेल्या लाकडाची. आमचा बा तुळया कधी जोडीनं बसवायचा न्हाई. एक वरची पायजेच म्हनायचा. का, ते कधी सांगितलं न्हाई."

रुचाने ड्रिल हिसकावून घेतलं. फळी पार झाली, ड्रिल पुढेही लाकडातच घुसलं आणि पिवळाधमक भुसा भसाभसा वर आला. "यल्ला, काका, चला!" ती किंचाळली. महिपतीने दणादण बोल्ट आवळले.

कन्सल्टंट आला. साखळी ताणली, करकरली. भिंत तसूभर हलली नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट! महिपती मात्र कोपऱ्यात उभा होता. त्याला आता तिकीट दिसत होतं.

रुचा ड्रॉइंग घेऊन त्याच्याकडेच आली. बारा रेघांच्या बरोब्बर मधे तिने पेनाने तेरावी ओढली.

"बाराच्या मधोमध पोकळी येते, काका. तेराच्या मधोमध तुळई."

महिपती त्या रेघेकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं तो त्या वरच्या तुळईला नुसता शकुन समजत आला होता.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, 'दुरुस्ती कोणी केली' या रकान्यावर रुचाचं पेन थांबलं.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?"