पंगतीमागची दासी

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलासमोर प्राचीन रोममधल्या मेजवानीचं चित्र टांगलं होतं. मालक मंडळी लोडांवर लवंडून जेवतायत आणि मागे एक दासी सुरई घेऊन उभी.

"अवनी आता मोठी झाली. महिनाअखेर रोवेनाला मनिलाला परत पाठवून देऊ," सुलेखा नवऱ्याला म्हणाली.

श्रीनिवासने भाताचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या मोलकरणीकडे चोरून पाहिलं. "अगं, ती मागेच उभी आहे!"

"म्हणून तर मराठीत बोलतेय ना."

अवनी चित्राकडेच बघत होती. "आई, त्या दासीला यांचं बोलणं कळत असेल?"

"छे गं! ती परमुलखातून आणलेली."

सहा वर्षांत पहिल्यांदाच रोवेना मराठीत बोलली, "मॅम, भात वाढू, की आधी बॅग भरायला घेऊ?"