पिल्लू मोठं होईस्तोवर

औषधांनी सगळे केस गळाले, तरी कोराडीच्या मारोतरावांची लेक रीना तलावावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायची. ती गेली, आणि वहीत शेवटच्या पक्ष्याचं नाव तेवढं लिहायचं राहिलं.

तो अंधुक फोटो मारोतरावांनी धरमपेठेतल्या सुमंतसरांना दाखवला. पक्षी ओळखण्यात सरांचा हात धरणारा कोणी नाही.

"शेपटीला काळी पट्टी, म्हणजे कुरव या पाणपक्ष्याचं पिल्लू. जात मात्र मोठं झाल्याशिवाय कळायची नाही," सर म्हणाले.

मारोतराव पडले भोळे. वर्षभर थांबले आणि तोच फोटो घेऊन परत हजर!

"आता झालं असन मोठं. पाहा ना सर."

सरांना हसू आलं, ते तिथंच विरलं. पट्टी खरंच गेली होती.

मारोतराव पक्ष्याकडे बघतच नव्हते. पाण्यावर पडलेल्या, फोटो काढणारीच्या सावलीवर बोट ठेवून ते पुटपुटले, "रीना, वेणी कधी आली वं तुले?"