उसना जीव

बोदलकशाचा तलाव नवा भरला तेव्हा बकारामने ही नाव घडवली, बकारामच्या शालीकरामने ती जन्मभर वल्हवली आणि शालीकरामचा केवलराम गेल्या पावसाळ्यात तिच्यासकट बुडाला. आता केवलरामचा एकुलता एक दुधराम काठाशी ओढून ठेवलेल्या त्याच नावेचा कुजका तळ पहारीने उचकटत होता. त्याची आई रुख्मा वल्ह्यावर हात टेकून उभी होती. शेजारी उभा होता गावातल्या नावा दुरुस्त करणारा चैतराम. स्वराज्य आले त्या उन्हाळ्यात तळाच्या बऱ्याचशा फळ्या त्यानेच नव्या बसवल्या होत्या. जुन्या नावेचे पोट उघडू नये, अपशकुन होतो, वरूनच नव्या फळ्या ठोकाव्यात, असे तो सकाळपासून परोपरीने सांगत होता.

पहिली फळी निघाली ती हातातच भुसभुशीत झाली. दुसरी तशीच. तिसरीवर पहार आपटली आणि टणकन मागे आली.

दुधराम थबकला. "माय, पणजोबाची फळी जशीच्या तशी आहे. काकाजीनं बसवलेली चार पावसाळ्यात सडली."

रुख्माने कुजका तुकडा उचलून नाकाशी धरला. इतक्या पाण्यानंतरही त्याला धुपाचा वास होता.

"सालई," ती म्हणाली. धुपाच्या झाडाचे, पाण्यात न टिकणारे लाकूड.

केवलरामने रानातून बिज्याचे तांबूस, पाण्यात न कुजणारे लाकूड आणले होते. बैलांच्या बरोबरीने गाडीला खांदा लावला, तेव्हा त्याच्या खांद्याचे सालपट निघाले होते. तळाला बिजाच हवा, असे बजावून ते लाकूड त्याने चैतरामच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी चैतरामच्या मुलीचे लग्न झाले. त्याच्या घराच्या नव्या, तांबूस चौकटीखालून रुख्मा स्वतः आरतीचे ताट घेऊन आत गेली होती. आणि गेल्या भाद्रपदात भर तलावात केवलरामच्या पायाखालची फळी मोडली. मांडीपर्यंत पाय त्यात अडकला. नाव वर काढली तेव्हा तो पाय तसाच अडकलेला होता. नाव म्हातारी झाली होती, असे म्हणून गावाने हळहळ व्यक्त केली. सर्वांत मोठ्याने रडला तो चैतराम.

"वहिनी, बिजा दाराले लागला," चैतराम खाली पाहत म्हणाला. "पोरीचं लगीन तोंडावर होतं. तो मरन म्हणून मले कुठं ठाऊक होतं?"

दुधरामने पहार डोक्यावर उगारली.

"थांब," रुख्मा म्हणाली, आणि पहार हवेतच राहिली.

तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची रीत जुनी आहे. पाण्यातून काढलेला जीव उसना असतो. ज्याने काढला, त्याच्यावर त्या जीवाने हात उचलायचा नाही. त्याला कधी पाण्यातून वाचवून उसने फेडले, तरच हात मोकळा होतो. दुधराम लहान असताना तलावाच्या गाळात रुतला होता. चैतरामनेच उडी घालून त्याला केसांना धरून बाहेर ओढले. त्या दिवशी रुख्माने भर काठावर चैतरामपुढे पदर पसरून ते उसने कबूल केले होते.

चैतरामच्या खांद्यांतला ताठा सैल झाला. "वहिनीले रीत ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि धोतराच्या सोग्याने त्याने तोंड पुसले.

रीत तिला पुरती ठाऊक होती. हात बांधलेला होता दुधरामचा. तिचा नव्हता.

वल्हे फिरले आणि चैतरामच्या गुडघ्यावर बसले. हाड मोडल्याचा आवाज पाण्यावरून पलीकडे गेला. तो ओरडत कोसळला. दुसरा घाव बरगडीवर बसला, तसा उतारावरून लोळत तो पाण्यात गेला. रुख्मा कासोटा खोचून मागोमाग उतरली आणि वल्ह्याचे पाते त्याच्या मानेवर ठेवून तिने सारा भार त्यावर टाकला. चैतरामच्या हातांनी पाणी झोडपले. त्याच्या नखांनी तिच्या पोटरीची कातडी सोलून काढली. ती हलली नाही. केवलरामलाही असाच वेळ लागला असेल, एवढेच तिच्या मनात आले. गढूळ पाण्यावर आधी मोठे बुडबुडे आले, मग लहान. हात सैल पडले.

तिने वल्हे उचलले. "दुधराम, काढ त्याले."

"मरू दे, माय."

"काढ म्हटलं ना. केसाले धरून काढ."

आईचा शब्द दुधरामने कधी मोडला नव्हता. त्याने पहार टाकली, पाण्यात उडी घेतली आणि चैतरामला केसांना धरून काठावर ओढून आणले. पाठीवर गुद्दे घातले तसे चैतरामच्या तोंडातून पाणी, गाळ आणि रक्त बाहेर पडले. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास घरघरत परत आला. समोर दुधराम दिसताच त्याने हात जोडले.

"जीव वाचवला बेटा तू माहा."

"आयकलं?" रुख्मा मुलाला म्हणाली. "त्याच्याच तोंडानं. उसनं फिटलं."

मग तिने मातीत पडलेली पहार उचलली, पदराने पुसली आणि दुधरामच्या हातात दिली.

चैतरामचे हात जोडलेलेच राहिले.