राक्षसाचा संसार

“थांबा! अहो राक्षस, गॅस सोडून मग काडेपेटी शोधतात का? पुन्हा!”

नवऱ्याने गॅस बंद केला. अंगावर जुन्या हिरव्या रजईचा पोशाख, डोक्यावर कागदाच्या लगद्याची शिंगं. वळताना शिंगं मांडणीला अडकली आणि चमचे खाली सांडले. खुर्चीत बसलेली बायको खोकला येईपर्यंत हसली. दारात तिचा भाऊ कॅमेरा घेऊन उभा होता. तो हसला नाही.

चित्रपट तिचाच होता. एक राक्षस एका कारकून बाईशी लग्न करतो आणि ती त्याला घरकामाला जुंपते, अशी गोष्ट. हातात फारसं काही नव्हतं. सेट म्हणजे त्यांचंच स्वयंपाकघर, आणि भाऊ लग्नांचं शूटिंग करायचा, म्हणून कॅमेरा त्याचा.

“राक्षसाला खरा भात कशाला यायला हवा?” नवरा कुरकुरला. “लोक हसले म्हणजे झालं.”

“खोटं केलेलं पडद्यावर लगेच कळतं. तांदूळ धुवा. दोनदा.”

“आणि हिरॉईन कधी येणार?”

“तिचे शॉट शेवटी. मीच करणार आहे. तोवर जरा अंगावर मांस चढू दे.”

त्याने मुखवटा चढवला. मुखवट्याचं एक बरं होतं, आतले डोळे कुणाला दिसत नसत. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते. त्याने तिला सांगितलं होतं, नुसता अशक्तपणा आहे. चित्रपट पुरा व्हावा आणि तिने तो पाहावा, एवढंच त्याला हवं होतं.

भाताचे अकरा टेक झाले. मग इस्त्री. मग शर्टाचं बटण. मग रक्तदाबाची गोळी न विसरता घेणारा राक्षस.

“यात विनोद काय आहे?”

“आहे. तुम्हाला नाही कळायचा. पुन्हा!”

एका दुपारी भात मोकळा झाला. तिने दोन घास खाल्ले, जास्त जात नव्हते. “हा ओके,” ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात ती गेली. हिरॉईनचे सगळे शॉट राहिले.

महिन्याभराने तो मेहुण्याच्या स्टुडिओत गेला.

“या भावजी. जेवलात?”

“भात केला होता.” तो स्टुलावर बसला. “आपला चित्रपट दाखव. अर्धा तर अर्धा. ती त्यात दिसणार नाही, माहीत आहे मला. पण मागून ‘पुन्हा’ म्हणते ना, तेवढं ऐकव.”

मेहुण्याने तोच कॅमेरा काढून त्याच्या हातात ठेवला.

“भावजी, हा दोन वर्षं बंदच आहे. ताईला माहीत होतं. म्हणाली, नुसतं शिकून घ्या म्हटलं तर ते हसण्यावारी नेतील, आणि माझ्यामागे उपाशी राहतील.”